आपल्या खाचरातला पेंढा

मुलुंड
२७ ऑक्टोबर २०२४

शकु,

नमस्कार, आशीर्वाद, तिकडे सगळे बरे असतील, हे सगळं लिहून झालं असं समज. मला चौथीच्या पुढे कोणी शाळेत बसवलं नाही, त्यामुळे गोल गोल लिहायला येत नाही. फोनवर तुला ऐकू येत नाही आणि तू कानाला मशीन लावत नाहीस. परवा मी विचारलं पाऊस थांबला का, तर म्हणालीस, हो ताई, जेवले. म्हणून हा कागद. मिथुनच्या पार्सलच्या टेम्पोतून पाठवतेय. उलटं पत्रही त्याच्याकडेच दे.

कामाचं ऐक. शाळेने सफाईचं काम कंत्राटाला दिलंय. आम्हा जुन्या मावश्यांना सांगितलं, मेपासून यायचं नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या पोरांच्या उलट्या पुसल्या मी, आणि निरोपाची शाल आताच देऊन टाकली. पॉलिस्टरची. अंगावर घेतली तर खाज सुटते. शी.

पण बरंच झालं. मी त्याच दिवशी ठरवलं, मेमध्ये कायमचं गावी यायचं. आपलं खाचर करायचं. तुमच्या दोघांच्या हातांना माझे दोन हात. मी अजून बावन्नची आहे, म्हातारी नाही झाले. तुझे थोरले दीर गेले त्याला आता दोन वर्षं होतील. त्यांच्या मागे मला या शहरात धरून ठेवणारं काही नाही. रितिका सून म्हणून चांगली आहे, पण तिच्या स्वयंपाकघरात मी उभी राहिले की तिचा हात थांबतो. मला कळतं ते.

यज्ञेशला सांगितलं तर हसला. म्हणतो, "आई, तीस वर्षं तू चिखलात पाय नाही घातलास. तुला काय जमणार? कंबर मोडून घेशील आणि मला रजा काढून धावत यावं लागेल." मी म्हटलं, तुझ्या बापाबरोबर चार वर्षं लावणी केली आहे मी, तू तेव्हा पोटातसुद्धा नव्हतास. मग रितिका मध्ये पडली. तिने मोबाईलवर दाखवलं, कोण एक गोरी बाई पेंढ्याच्या गठ्ठ्यावर टोमॅटो काढते. माती नाही, कुंडी नाही. गठ्ठा भिजवायचा, खत घालायचं, तो आतून कुजला की त्यातच रोप लावायचं. आमच्या सोसायटीत गच्चीवर माती चढवायला बंदी आहे, सातव्या मजल्यावर गळतं म्हणून. पेंढ्याला कोणी बंदी नाही घातली, कारण कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

तर यज्ञेशने शर्त लावली. उन्हाळ्याच्या आत गच्चीवर टोमॅटो काढून दाखव, मी स्वतः तुला गावी सोडायला येतो. नाही जमलं तर गावाचं नाव काढायचं नाही. मी हो म्हटलं.

मला आपल्या खाचरातल्या पेंढ्याचे चार गठ्ठे पाठव. घट्ट बांध. इथे तबेल्यात मिळतो, जाऊन बघून आले, म्हशीच्या बुडाखालचा, बघूनच ओकारी आली. आणि मला आपलाच हवा. उगाच दुसऱ्याच्या शेताचं इथे आणून मी कोणाला काय दाखवू?

रत्ना


कातळवाडी
६ नोव्हेंबर

ती. ताईंना शकुचा नमस्कार.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. आमच्या देवेशने मागितलं, पण मी दिलं नाही. चार गठ्ठे मिथुनकडे दिले आहेत. मी स्वतः सुंभाने बांधलेत, हात सोलून निघाले. यंदाचं भात परतीच्या पावसाने लांबलं, म्हणून हा मागच्या सालचा पेंढा दिलाय. जुना आहे, पण कोरडा आहे. तुमच्या कामाला चालेल ना?

मेमध्ये यायचं म्हणता, वाचून बरं वाटलं. पण ताई, मेमध्ये इकडे पाण्याचे फार हाल होतात. माकडं कौलांवर नाचतात, आत पावसाळ्यात धारा. तुम्हाला आता तिकडच्या नळाची सवय. घाईने ठरवू नका. यज्ञेशचं पण बरोबर असेल, मुलगा आहे, काळजीने बोलतो.

ह्यांची कंबर तशीच आहे. तुमचा तांदूळ दरवर्षीसारखा जानेवारीत पाठवते.

शकु


मुलुंड
२४ नोव्हेंबर

शकु,

तू गठ्ठे बांधलेस की माझी थट्टा केलीस? सगळं आयुष्य शेतात गेलं तुझं आणि पेंढा बांधता येत नाही? एकाचा सुंभ लिफ्टमध्येच सुटला. लिफ्टमध्ये पेंढा, जिन्यात पेंढा, आमचा सेक्रेटरी हर्षदभाई, त्याच्या बुटात पेंढा. तो म्हणाला, "रत्नाबेन, गाय पण आणणार काय?" मी म्हटलं, तुम्ही आहात ना, आता गाय कशाला. तेव्हापासून बोलत नाही. झकास.

आता पुढचं ऐक. गठ्ठे गच्चीच्या कोपऱ्यात प्लास्टिकवर मांडले. रोज बादल्या ओतायच्या, वर युरिया भुरभुरायचा. नर्सरीतून आणला. तिसऱ्या दिवशी वास सुटला. बाई गं! शाळेच्या मुतारीत मी बावीस वर्षं काढली, मला वासाचं कोणी सांगू नये. पण हा वास वेगळा. नाकात घुसतो, डोळ्यांतून पाणी काढतो, आणि जेवताना घासात येतो. रितिकाने बिचारीने खिडक्या लावून घेतल्या. आत पंखा फुल.

त्या गोऱ्या बाईने सांगितलं होतं बारा दिवस थांबा. मी पाचव्या दिवशी रोपं लावली. मला कुठे धीर. वरून हात लावला तर गार होतं. नर्सरीतली बारा टोमॅटोची रोपं, चार मिरचीची. दुसऱ्या दिवशी सकाळी गेले तर सगळी मान टाकून पडलेली. एक उपटलं. मुळं उकडलेली गो! वाफवलेल्या शेवयांसारखी बोटाला चिकटली. गठ्ठ्यात मनगटापर्यंत हात घातला तर चटका बसला. आत भट्टी पेटलीय. सोळा जीव मी जिवंत शिजवले. मला माझ्या हातांची किळस आली.

यज्ञेश? नुसता त्या रोपांकडे बघून "हं" म्हणाला. त्याच्या बापाची सवय. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

आता काय करू ते लिही. आणि युरियाही संपला.

रत्ना


कातळवाडी
२ डिसेंबर

ती. ताईंना नमस्कार.

ताई, रागावू नका, पण तुम्ही घाई केलीत. शेणाचा ढीग नाही का आतून तापत? रोज हात घालून बघा. आपल्या अंगाइतका कोमट लागला की लावा. त्याच्या आधी नाही.

बांधणीचं माफ करा. सुंभ जुना होता.

युरिया नसला तर दुसरं आहे, पण तुम्हाला सांगायला संकोच वाटतो. माझी आई भाजीच्या आळ्यात घरातल्यांची लघवी घालायची. एक तांब्या लघवीला दहा तांबे पाणी. वेगळं काही लागत नाही. भोपळे असे यायचे की उचलायला दोघं लागत. कोणाला सांगायचं नाही, एवढंच.

शकु


मुलुंड
२२ डिसेंबर

शकु,

तुझं पत्र वाचून मी आधी फाडून टाकणार होते. शी शी शी! तुझ्या आईच्या घरी मी भोपळ्याची भाजी खाल्ली आहे. दोनदा मागून घेतली होती. आता तीस वर्षांनी कळतंय!

आणि मग काय केलं असेल मी? केलं. काय करणार. रंगाचा जुना डबा मोरीत ठेवला, वर झाकण, झाकणावर विटेचा तुकडा. फक्त माझं हो. रितिकाला सांगितलं त्यात फिनेल आहे, हात लावू नकोस. पहाटे सगळे झोपलेले असताना डबा घेऊन गच्चीवर चढते, चोर कसा चढेल तशी. बादलीत पाणी घालते, नाक पदराने बांधते, ओतते. स्वतःचीच घाण, पण डब्यात साठली की परक्याची वाटते. रोज मनात म्हणते, रत्ना, गावी जायला माणूस काय काय करतं.

पण गठ्ठे निवले. दहा तारखेला हात घातला, तुझ्या म्हणण्यासारखा कोमट. नर्सरीतून फुलावर आलेली नवीन रोपं आणून लावली, दहा टोमॅटो, दोन वांगी. धरलीत. पानं काळीशार हिरवी.

बाकी जे उगवतंय ते बघवत नाही. कुत्र्याच्या काळ्या छत्र्या येतात, सकाळी ताठ, दुपारी वितळून शाई गळते. खाली प्लास्टिक उचललं तर पांढऱ्या अळ्या, एकीवर एक, वळवळ. हर्षदभाईच्या बायकोने बघितलं आणि तिथेच तोंड धरून पळाली. नोटीस आली आहे, गच्ची स्वच्छ ठेवावी. ठेवते म्हणावं, अळ्यांना पावडर लावून ठेवते.

पण एक चांगली गोष्ट. ती लिहायलाच बसले. त्या कोपऱ्यातल्या गठ्ठ्यातून हिरवं गवत आलंय. दाट, केसांसारखं. आधी उपटायला गेले, मग मुळाशी दाणा दिसला. शकु, आपलं भात आहे ते! पेंढ्यात झोडपताना राहिलेले दाणे पाणी मिळाल्यावर उगवले. मी त्या गठ्ठ्यावर काही लावलंच नाही. ठेवलंय तसंच. यज्ञेशला वर नेलं आणि दाखवलं. म्हटलं, बघ, तुझ्या बापाच्या खाचरातलं भात सातव्या मजल्यावर आलं, आणि तू विचारतोस मला जमेल का. तो खाली बसून बघत राहिला. पहिल्यांदा "हं" म्हणाला नाही. म्हणाला, "लोंबी येईल याला?" मी म्हटलं, येणार म्हणजे येणार.

रत्ना


कातळवाडी
३० डिसेंबर

ती. ताईंना नमस्कार.

टोमॅटो धरले, छान झालं. पण ताई, ते गवत लगेच उपटून टाका. मुळासकट. ते ठेवलं तर टोमॅटोचा सगळा जोर ओढून घेतं. शिवाय भात काय तसं थंडीत येतं का, ते लोंबी धरणारच नाही, उगाच तुमची निराशा होईल. यज्ञेशसमोर हसं नको. कृपा करून उपटा आणि मला कळवा.

तांदूळ मिथुनबरोबर पाठवला आहे. उकडा, पेजेचा. वीस तारखेला कांडून आणला.

पत्र मिळाल्यावर लगेच उपटा.

शकु


मुलुंड
१९ जानेवारी २०२५

शकु,

चार ओळींच्या पत्रात तीनदा उपटा उपटा! त्या गवताने तुझं काय घोडं मारलंय? ते वेगळ्या गठ्ठ्यावर आहे, टोमॅटोचा जोर ओढायला त्याचे हात तिथवर पोचत नाहीत. नाही उपटलं. माझ्या गुडघ्याला लागतंय.

टोमॅटो आलेत. पहिले सहा मी देवासमोर ठेवणार होते, पण ज्यावर वाढलेत ते आठवलं आणि हात मागे घेतला. आम्ही घरात खाल्ले, रितिकाने सार केलं, यज्ञेश तीन वाट्या प्यायला. मी भात आणि लोणचं. मला घशाखाली उतरेना. हर्षदभाईच्या बायकोने वास घेतला आणि म्हणाली, "रत्नाबेन, एकदम देसी, बाजारमध्ये असा नाय मिळत. खाद काय टाकता?" मी म्हटलं, घरचंच आहे. आता रोज पिशवी घेऊन वर येते. कच्चे खाते, तिथेच उभी राहून, रस कोपरापर्यंत. मी दुसरीकडे बघते. नोटिशीचं नाव नाही.

तांदूळ मिळाला. काल पेज केली. शकु, बाकी तुझी बांधणी कशीही असो, पण हा तांदूळ पाठवतेस ते उपकार मी विसरत नाही. तुला कधी लिहिलं नाही, आता लिहिते. तुझे दीर शेवटचे आठ दिवस काही घेत नव्हते. हॉस्पिटलची खिचडी थुंकून टाकायचे. मी घरून याच तांदळाची पेज नेली डब्यात, चमच्याने घातली. दोन चमचे घेतले, डोळे मिटले आणि म्हणाले, "आपल्या खाचराचा वास आला गो." त्यानंतर पाणी सोडून काही घेतलं नाही. नर्सला सांगत होते, हा आमच्या शेतातला. मला त्या एका गोष्टीचा आधार आहे. बाकी त्या हॉस्पिटलात नुसतं घाणेरडं होतं सगळं, नळ्या, पिशव्या, वास. पण शेवटचा घास आपल्या जमिनीचा गेला.

त्या जमिनीसाठी मी मुताचा डबा डोक्यावर घेईन.

यज्ञेशने मेची रजा टाकली आहे.

रत्ना


मुलुंड
२३ फेब्रुवारी

शकु,

सरळ विचारते, सरळ उत्तर दे.

आज सकाळी आमचा वॉचमन टाकी बघायला गच्चीवर आला होता. यूपीचा आहे. यज्ञेश होता, मी होते. गवताला लोंब्या आल्यात, मी मिरवत होते. वॉचमनने एक लोंबी हातावर चोळली, फुंकली, आणि म्हणाला, "मौसी, ये तो गेहूँ है." मी म्हटलं, तुम्हारा डोळा फुटला है. त्याने दाणा तोंडात टाकला आणि मला एक दिला. गहू. गहूच. कुसळांसकट.

आपल्या वाडीत गहू कुणाच्या बापाने पेरला होता?

यज्ञेश एवढंच म्हणाला, "आई, तुला भात आणि गहू कळत नाही." आणि खाली गेला. तिथेच, वॉचमनसमोर. दोन महिने मी गव्हाला भात म्हणून पाणी घालत होते आणि शेजाऱ्यांना बोलावून दाखवत होते. माझ्या तोंडाला काळं लागलं ते लागलं. पण मी तो गठ्ठा सोडला नाही. कोयत्याने उघडला. वरचा वीतभर भाताचा पेंढा, गुंडाळलेला, आणि आत सगळा गव्हाचा, मशीनने दाबलेला, कुजून काळा झालेला. हात घातला तर चिखलासारखा बरबटून निघाला, आणि त्यात बोटाला काहीतरी अडकलं. ओढलं. निळी प्लास्टिकची दोरी. मशीनची गाठ. मग बाकीचे तीनही फोडले, टोमॅटोंसकट. तिघांत तेच.

म्हणजे तू मशीनचे गठ्ठे आणलेस, दोरी कापलीस, वर शेजाऱ्याचा पेंढा गुंडाळलास आणि सुंभ बांधलास. हात सोलेपर्यंत. एवढी मेहनत कशासाठी? पेंढा नव्हता तर नाही म्हणायला तोंड नव्हतं का?

पेंढा का नव्हता?

यंदाचं भात कुठे आहे? मागच्या सालचं कुठे आहे? मी जो तांदूळ खाते तो कुठला आहे?

मी हे लिहितेय आणि माझ्या हाताला तो कुजका वास येतोय. तीनदा साबण लावला. जात नाही.

रत्नप्रभा


कातळवाडी
४ मार्च

ती. ताईंना नमस्कार.

तुमचं पत्र देवेशनेच वाचलं, माझ्या हातात द्यायच्या आधी. तो म्हणाला, आई, आता पुरे. म्हणून लिहिते.

आपलं खाचर चार पावसाळे पडून आहे. चार वर्षांमागे भात पिकायला आलं आणि डुकरं घुसली. एका आठवड्यात लोळून लोळून सगळं सपाट. हे हाकलायला गेले ते बांधावरून पडले, तीच कंबर. पुढच्या वर्षी लावणीला माणूस मिळेना, देवेश कंपनीत लागला होता. मग राहिलं ते राहिलं. आता त्यात रानमोडीचं तण माजलं आहे, माझ्या डोक्याच्या वर. बांध कुठे आहे ते दिसत नाही.

पहिल्या वर्षी लाजेने दुकानाचा तांदूळ पाठवला. वाटलं, पुढच्या साली करूच, एकदाच तर. तुम्ही कळवलंत, काय वास आहे. मग दुसऱ्या वेळी सांगायचं कसं? आणि खरं सांगू का, भीती होती. पडीक पडलंय कळलं तर तुम्ही म्हणाल, मग आमचा वाटा तोडून द्या, विकतो. आम्हाला या घरापलीकडे दुसरं काय आहे?

गठ्ठे आंब्याच्या गोदामातले. पेट्यांत घालायला घाटावरून येतात. मी दोन दिवस ते सोडून बांधत होते. दोरी राहिली आत.

आता शेवटचं. हे लिहू नये असं ह्यांचं म्हणणं आहे. पण तुम्ही पेजेचं लिहिलंत त्या दिवसापासून मला अन्न गोड लागत नाही.

भावोजींना ठाऊक होतं. ते गेले त्या साली गणपतीला एकटेच आले होते, तुम्हाला शाळेतून रजा नव्हती. मला न सांगता खाचरात गेले. बांधावर बराच वेळ उभे होते. परत आले तर धोतराला कुसळं लागलेली, ती एकेक काढत पडवीत बसले. मी रडायला लागले. ते म्हणाले, "शकु, रत्नाला सांगू नको. ती त्यावर दिवस काढते." दुसऱ्या दिवशी मला घेऊन बाजारात गेले. दुकानदाराच्या पोत्यांत हात घालून दाणे चावत होते. चावायचे आणि थुंकायचे. पाचव्या पोत्याशी म्हणाले, "हा घे. हा तिला फसवील." त्या खेपेला थोडा ते स्वतः घेऊन गेले, मी आजवर तोच पाठवते.

तुम्ही मला काय म्हणायचं ते म्हणा.

शकु


मुलुंड
२९ मार्च

शकु,

तीन आठवडे मी कागद घेतला नाही. घेतला असता तर त्यावर शिव्यांशिवाय काही आलं नसतं.

तुझी किळस आली. मग तुझ्या दिराची. त्याची जास्त आली, कारण तुला निदान लिहून ओरडता येतं. त्याच्याशी भांडायचं तर भिंतीकडे तोंड करून भांडावं लागतं. डोळे मिटून "आपल्या खाचराचा वास आला" म्हणाला! ज्याने स्वतः पाचव्या पोत्यातून निवडला, तो! मरतानासुद्धा तोंडात पेज आणि पेजेत खोटं. आणि मी तो चमचा दोन वर्षं घासून पुसून वेगळा ठेवलाय. काल डाळीत घातला. चमचाच आहे तो.

तुम्ही सगळ्यांनी मिळून मला लहान पोर केलंत. हिला खरं सोसणार नाही, हिला खेळणं द्या.

पण रोज झोपताना एकच गोष्ट टोचत होती, ती पण लिहिते, नाहीतर मीही तुमच्यातलीच. तू लिहिलंस ना, भीती वाटली, वाटा मागतील. चार वर्षांमागे यज्ञेशचं लग्न ठरत होतं, आम्हाला मोठी जागा हवी होती. तू खरं सांगितलं असतंस तर मी मागितला असता वाटा. लगेच. विकला असता. दोन वर्षांमागे कळलं असतं तरी तेच केलं असतं. तुझ्या दिराला ते कळत होतं, म्हणून त्याने तुला गप्प केलं. माझ्यासाठी केलं असं तुला सांगितलं. मला वाटतं तुमच्यासाठी केलं. भावासाठी. आता कोणाला विचारणार?

आज यज्ञेशला सगळं वाचून दाखवलं, तुझं पत्रसुद्धा. त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे आता जायचा प्रश्न नाही." रितिका म्हणाली, "का नाही? टोमॅटो आले ना? शर्त टोमॅटोची होती, भाताची नव्हती." मला वाटायचं ही पोरगी मला घालवायला टपली आहे. असेलही. पण बोलली बरोबर. यज्ञेश म्हणाला, "अगं, तिथे रानमोडी आहे डोक्याएवढी, डुकरं आहेत, ही काय करणार तिथे?" मी म्हटलं, ते मला ठाऊक नाही. मला तिथे काय करता येईल हे तुला, तुझ्या काकीला आणि तुझ्या बापाला ठरवायला दिलं, आणि तुम्ही काय दिवे लावलेत ते बघितलं. आता मी बघते.

गच्ची धुतली. अळ्या, छत्र्या, सगळं पोत्यात भरून टाकलं. ओकारी आली, एकदा ओकलेसुद्धा. हर्षदभाईची बायको विचारत होती, पुढच्या थंडीत लावणार ना? म्हटलं, खत संपलं.

चार मेला सकाळच्या गाडीने येतेय. यज्ञेश सोडायला येतोय, तोंड पाडून, पण येतोय. मी वाटा मागायला येत नाही, तेवढं तुझ्या नवऱ्याला सांग, म्हणजे त्याची कंबर जरा सरळ होईल. जमलं तर एक कोपरा करीन. नाही जमलं तर नाही जमलं म्हणून तुझ्या तोंडावर सांगीन. डुकरांना घाबरत नाही, तीस वर्षं मुंबईत काढलीत.

पण एक ऐक, आणि हे एकदाच लिहिते. मी येणार म्हणून रानमोडी तोडायला जाऊ नको. देवेशला कोयता घेऊन पाठवू नको. बांध शोधू नको, वाट झाडू नको, पुढचं चार हात साफ करून ठेवू नको. आहे तसं मला बघायचंय, डोक्यावरचं, कुसळांसकट. काडी हलवलेली दिसली तर त्याच गाडीने परत जाईन.

आणि दुपारी जेवायला तोच दुकानाचा भात कर. वाढताना सांग, ताई, दुकानाचा आहे. मोठ्याने सांग. यज्ञेशसमोर.

रत्ना